लाइल ब्रेक्केच्या तराजूला कुणाचा हात लागला

लाइल ब्रेक्के माझ्या दुकानात बारूद घ्यायला आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. झटपट उरकणारं गिऱ्हाईक नाही ते. तो डबा घेतो, खिडकीच्या उजेडात धरतो, झाकणावरची पट्टी नखाने चाचपतो, कानाशी नेऊन हलवतो आणि मग बघतो. डब्याकडे नाही, माझ्याकडे.

"मागच्या वेळचीच आहे ना ही?"

"नाही, पीठ भरलंय त्यात."

"चेष्टा नको, अर्डिस."

"मग विचारू नकोस."

हे आमचं दर खेपेचं. त्याची बायको बर्निस आणि मी एका बाकावर शिकलो, त्यामुळे मला त्याच्याशी तिरकं बोलायचा हक्क आहे. गावात इतर कुणी तसं बोललं की लाइल त्या माणसाचं नाव मनात नोंदवून ठेवतो, आणि मग त्या माणसाला अशा नजरेने बघतो की बिचारा घरी जाऊन आपण काय चोरलं ते आठवत बसतो.

त्याचा दोष नाही, त्याच्या नोकरीचा आहे. गुरांवर तापल्या लोखंडाने दिलेले मालकीचे डाग तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर होता तो. आमच्या मोंटानाच्या या पूर्वेकडच्या भागात गाय विकायची तर अंगावरचा डाग इन्स्पेक्टरने बघितल्याशिवाय ती गाडीत चढत नाही. ज्यांच्या घरी तो लहानपणी जेवला त्यांच्या गुरांचेही केस कातरून त्याने खालचा जुना डाग शोधला. दोनदा सापडलाही. दोनदाच, पण तेवढं पुरतं. पेन्शन सुरू झाली, तरी मनातली ती कातर काही त्याने खाली ठेवली नाही.

मग संशयाला वाव कुठे राहिला? तळघरात. लाइल आपली काडतुसं स्वतः भरतो. आमच्याकडे निम्मं गाव भरतं. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या टाकून द्यायला कुणाचं मन होत नाही. पण लाइलसारखं कुणी भरत नाही. तराजू काढायच्या आधी तो घर तापवणारी भट्टी बंद करतो, कारण तिचा पंखा लागला की येणारी झुळूक दांडीला उचलते. दार लावतो. फोन वर जिन्यात ठेवतो. दांडीच्या साध्या तराजूला फोनशी काही देणंघेणं नाही, पण लाइलला आहे. पारडं म्हणजे बशीपेक्षाही लहान, हलकी ॲल्युमिनियमची वाटी. ती तो कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात त्या कागदाने पुसतो, म्हणजे बारुदीचे कण कडेला चिकटून राहत नाहीत. त्याची खुर्ची मुद्दाम बुटकी आहे. डोळा दांडीच्या टोकाच्या बरोबर रेषेत यायला हवा; वरून बघितलं तर टोक खाली दिसतं आणि खालून बघितलं तर वर. मग श्वास रोखून कण कण सोडायचे. बर्निस म्हणायची, माझ्या बाळंतपणात एवढा श्वास रोखला नव्हता याने.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नाही ते. बारूद ग्रेनवर मोजतात आणि दोन ग्रेन म्हणजे सोनाराची जेमतेम एक गुंज. जोरात फुंकलं तर उडून जाईल एवढी. पण पुंगळीत आधीच काठोकाठचा जोर भरलेला असला तर तीच गुंज रायफलीचा मागचा बोल्ट आवळून धरते, आणि त्याहून थोडी जास्त असली तर काय होतं ते आमच्याकडच्या काही म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. म्हणून इथे एक रीत आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. सख्ख्या भावाचंही नाही. त्यात अपमान कुणी मानत नाही. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश आपण वापरत नाही, तसं.

लाइलने या रीतीला एकच अपवाद केला होता. त्याची मुलगी जोलीन. ती त्याच्या मांडीवर बसून पुंगळ्या पुसायला शिकली, आणि आईची रायफल तिच्याकडे आली तेव्हा काडतुसं बाप भरणार हे ठरूनच गेलं. दर ऑक्टोबरात हरणांच्या मोसमात ती बापाने भरलेली काडतुसं डोळे मिटून घालायची. बर्निस गेल्यावर जोलीन नवऱ्याला घेऊन बापाच्या घरी राहायला आली, वरच्या मजल्यावर. लाइलने एकटं राहू नये म्हणून आली, आणि खरं सांगायचं तर ती आली म्हणूनच तो तगला.

नवऱ्याचं नाव कोरी. पवनचक्क्या दुरुस्त करायचं त्याचं काम. दोरीला लटकून दिवसभर वर असतो, म्हणून खाली आल्यावर फारसं बोलत नाही. लाइलला न बोलणारी माणसं आवडत नाहीत आणि बोलणाऱ्यांवर त्याचा विश्वास नाही, तेव्हा पोराची बाजू पहिल्यापासून लंगडीच होती. त्यात त्याने तळघरातल्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा आकडे दाखवणारा तराजू मांडला.

"हा आकडा दाखवतो कोण?" लाइलने विचारलं.

"आत सेन्सर असतो."

"तू बघितलायस तो?"

"नाही. पण वजन ठेवून खात्री करता येते. रोज सुरुवातीला करायचीच असते."

"ज्याची रोज खात्री करावी लागते, तो तराजू मी पोस्टातही वापरणार नाही," लाइल म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने आपल्या तराजूच्या पायांभोवती बाकावर पेन्सिलीने रेघा मारल्या. कुणी हलवला तर कळावं म्हणून. हे मला जोलीननेच सांगितलं, हसत हसत. तोवर ती हसत होती.

आता मार्चमधला तो रविवार. आमच्या नेमबाजी क्लबची वजनं माझ्या दुकानात असतात, मखमलीच्या पेटीत, चिमट्यासकट. वसंतात मी ती घेऊन सगळ्यांच्या घरी जाते, कारण तराजू जिथे राहतो तिथेच तपासायचा. इकडचा तिकडे नेला की बाक बदलतो, उतार बदलतो. त्या रविवारी लाइलकडे मी होते आणि ड्वेन हाउक होता. ड्वेन म्हणजे लाइलचा कॉफीच्या टेबलावरचा जुना सोबती, शाळेची बस चालवायचा. त्याचा तराजू पडला होता, म्हणून लाइलच्या पक्क्या बाकावर दोन्ही शेजारी ठेवून बघू, असं त्याचं म्हणणं. तराजू एकाच कंपनीचे, पारडी दिसायला जुळी. भट्टी बंद, त्यामुळे तळघर गारठलेलं. लाइल चर्चमधून आला तसाच रविवारच्या जाड लोकरी कोटात बसलेला.

लाइलचा तराजू चोख निघाला. लहान वजन ठेवा, मोठं ठेवा, टोक रेषेवर. लाइलने समाधानाने मान हलवली आणि खिशातून बर्निसची लाल नेलपॉलिशची बाटली काढली. तराजूच्या पायाला एक स्क्रू असतो, तो फिरवून शून्य जुळवतात. त्या स्क्रूवर त्याने लाल ठिपका दिला.

"हे काय?" ड्वेन म्हणाला. "नखं रंगवतोस तराजूची?"

"आता कुणी हात लावला तर रंग फुटेल."

"कोण लावतंय हात?"

लाइलने वर छताकडे बघितलं. वर कोरीच्या चालण्याचा आवाज येत होता.

जोलीनने रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून गोड पाई भाजली होती, ती खायला आम्ही वर गेलो. टेबलाशी ड्वेन कोरीला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. काय म्हणाला ते मलाही ऐकू आलं नाही. लाइलचा काटा तसाच थांबला आणि मग त्याने ती पाई खाल्लीच नाही. लाइलच्या मनात पाल चुकचुकली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी लहानपणापासून बघत आलेय. खाली आलो तेव्हा ड्वेन पुढे होता आणि त्याने एक पारडं उचलून पुसायला घेतलं होतं.

"माझं पारडं इकडे दे," लाइल म्हणाला.

"घे बाबा," ड्वेन म्हणाला आणि दिलं.

मग लाइलने आमच्यासमोर दांडीवरची सरकती वजनं आपल्या नेहमीच्या मापावर आणली आणि त्यांच्यावरही लाल ठिपके दिले. तो वर्षानुवर्षं एकच माप भरतो. आता दांडी कायमची त्या मापावर कुलूपबंद. ड्वेनचं पारडं तेवढं सापडेना. बाकाखाली, फळीमागे शोधलं. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे, अर्डिस, एक मागव. आणि मी ते पुढच्या आठवड्यात मागवलं.

उन्हाळा गेला. सप्टेंबरच्या शेवटी जोलीन रायफलीचा नेम जुळवायला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेली. कोरी आणि लाइल सोबत. पहिली गोळी उडाली आणि बोल्ट उघडेना. तळव्याने मारलं, तरी उघडेना. शेवटी लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून पुंगळी बाहेर काढली तर तिच्या बुडाची टोपी चपटी झालेली, म्हणजे आत जोर फार झालेला. दुसऱ्या काडतुसाचंही तेच. तिसरं लाइलने घालूच दिलं नाही.

रायफलीचा तो बोल्ट गालाच्या किती जवळ असतो, ते ज्याने रायफल धरली त्यालाच ठाऊक. लाइल त्या दिवशी घरी कसा पोचला हे त्याला आठवत नाही म्हणतो. आजवर मी त्याला पुष्कळ बोल लावले, पण त्या भीतीला मी हसणार नाही. एकुलती एक पोर, आणि तिच्या गालाशी त्याने स्वतः भरलेलं मरण.

दुसऱ्याने असं झाल्यावर आधी तराजू तपासला असता. लाइल खाली गेला, भिंग घेऊन लाल ठिपके बघितले. एकही फुटला नव्हता. पायाखालच्या पेन्सिलीच्या रेघाही जागच्या जागी. म्हणजे तराजूला हात लागलेला नाही, म्हणजे तराजू खरा. मग उरली माणसं.

पहिली मी. डबा काउंटरवर आदळून म्हणाला, "यात काय मिसळलंस?"

"लाइल, झाकणाची पट्टी तूच फोडलीस. माझ्यासमोर."

"पट्टी परत चिकटवता येते."

"मी सबंध गावाला हीच बारूद विकली. बाकी कुणाचा बोल्ट अडकला का?"

"बाकीच्यांचं मला ठाऊक नाही."

माझा संताप झाला. पण त्याचा चेहरा बघून मी आवाज खाली आणला. म्हटलं, "वजनं घेऊन येऊ का? तराजू बघू या एकदा."

"रंग फुटलेला नाही," तो म्हणाला, आणि गेला.

मग ड्वेन. त्याच्या टेबलावर लाइल कॉफीला बसेनासा झाला. दुरून बघत बसे. ड्वेनला कारणही सांगितलं नाही. ड्वेनने मला विचारलं, मी काय केलं गं? मी म्हटलं, हसलास. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि धोपटता धोपटता काठी घराकडे वळणार हे मला दिसत होतं. मी जोलीनला सावध करायला हवं होतं म्हणाल, तर ती माझ्यापेक्षा आधी सावध झाली होती. तिने बापाला सांगितलं होतं की या वर्षी मी हरणाला जात नाही, विषय सोड.

विषय सुटला नाही. पुढचं मला जोलीनने नंतर सांगितलं. रविवारी जेवताना, भाजलेल्या मांसाचं ताट मध्ये ठेवलेलं असताना, लाइलने सुरी खाली ठेवली.

"तळघरात दोनच माणसं जातात," तो म्हणाला. "एक मी."

कोरी मांस कापत राहिला.

"बाबा, जेव," जोलीन म्हणाली.

"भरलेल्या काडतुसांचा डबा उघडाच असतो. त्यातली काही काढून दुसरी ठेवली तर रंग फुटत नाही. हे घर माझ्यानंतर कुणाचं आहे, एवढंच विचारतोय मी."

"पण ते काडतूस माझ्या रायफलीत होतं," जोलीन म्हणाली. "तुझ्या नाही. माझ्या. तू काय म्हणतोयस ते कळतंय का तुला?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

कोरीने रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, जोलीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर गेला. थोड्या वेळाने कपाटांचे खण उघडल्याचे आवाज आले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे रिकामी खोकी मागायला आला. मी खोकी काढताना त्याच्याकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, लाइलचा रोग मलाही लागला होता. गप्प माणूस, शांत हात, जराही राग नाही. याला राग कसा येत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय का?

"तू त्याला काही बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? मी नाही केलं म्हणू?" कोरी म्हणाला. "जितकं जास्त म्हणेन तितका जास्त चोर दिसेन. केलं असतं ना, अर्डिस, तर थांबून भांडलो असतो."

खोकी उचलून तो गेला, आणि मला माझीच शरम वाटली. ते दोघं दीडशे मैलांवरच्या गावी गेले, जिथे कोरीचं ऑफिस आहे. जोलीनने बापाचा फोन उचलणं बंद केलं. निरोप एकच ठेवला होता: त्याची माफी मागशील तेव्हा मी तुझी मुलगी.

लाइलने तळघराला नवं कुलूप घातलं. किल्ली गळ्यात. नवा डबा, तोही माझ्याकडून नाही, दुसऱ्या गावातून आणलेला. दरवाजे बंद करून नवी काडतुसं भरली आणि एकटाच खाणीत गेला. बर्निसची रायफल जोलीनने सोबत नेली नव्हती, भिंतीवर टांगून ठेवली होती. त्याने रायफल जुन्या टायरांना बांधली, चापाला दोरी लावली आणि ट्रकच्या आडोशाने ओढली. बोल्ट पुन्हा अडकला.

घरात आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्याने मला फोन केला.

"वजनं घेऊन ये," एवढंच म्हणाला.

मी मखमलीची पेटी घेऊन गेले. त्याने भट्टी बंद केली, दार लावलं, आम्ही दोघं त्या बुटक्या खुर्चीभोवती वाकलो. त्याच्या मापाएवढी वजनं मी चिमट्याने पारड्यात ठेवली. दांडीचं टोक रेषेवर यायला हवं होतं. आलं नाही. खालीच राहिलं. मी एक ग्रेनचं वजन वाढवलं. हललं, पण पोचलं नाही. आणखी एक ग्रेन. टोक रेषेवर आलं आणि थांबलं.

म्हणजे लाइल मार्चपासून प्रत्येक काडतुसात दोन ग्रेन जास्त भरत होता. स्वतःच्या हाताने, श्वास रोखून.

"रंग," तो म्हणाला, आणि भिंग शोधू लागला.

"रंग कसला बघतोस? रंग शाबूत आहे. रंग एवढंच सांगतो की स्क्रूला हात लागला नाही. तराजू खरा आहे की खोटा हे त्याला काय कळतंय?"

"मग काय बदललं?"

मी पारड्याकडे बघत होते. स्क्रू बंद, वजनं बंद, बाक तोच. या तराजूचं सुटं असं एकच होतं. आणि मग मला ड्वेनने मागवलेलं पारडं आठवलं.

"लाइल, त्या दिवशी पाई खायला जायच्या आधी तू तुझं पारडं कुठे ठेवलंस?"

"बाकावर."

"ड्वेन तराजूजवळ असताना? तू? बाकावर?"

मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो जिना चढला. कपाटाचं दार वाजलं. खाली आला तेव्हा हातात तो लोकरी कोट होता, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. आतल्या खिशातून त्याने रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. पारडं. आपल्या पारड्याला ड्वेनचा हात लागू नये म्हणून त्याने ते स्वतःच लपवलं होतं, टेबलावरच्या त्या हसण्याने डोकं फिरलं तेव्हा साफ विसरला होता, आणि ड्वेनच्या हातातून ड्वेनचंच मागून घेतलं होतं. ते दोन ग्रेन हलकं, म्हणून दर वेळी तेवढी बारूद जास्त पडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळशात पोटची पोर गेली होती.

त्याचं पारडं लावलं, वाढवलेले दोन ग्रेन काढले. टोक रेषेवर.

लाइल त्या बुटक्या खुर्चीत बसला. आणि मी, माझंही मन बघा, मी विचार करत होते की हा आता गिळून टाकेल. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. रुमाल परत खिशात घालील, मला म्हणेल की कुणाला सांगू नकोस, आणि कोरी जन्मभर चोर राहील. मी मनात उत्तरही तयार करून ठेवलं होतं.

"तुझी गाडी आहे ना बाहेर?" तो म्हणाला. "माझे हात चाकावर राहायचे नाहीत."

निघताना मात्र लाइल तो लाइलच. दोन्ही पारडी वेगवेगळ्या पाकिटांत घातली, माझी वजनांची पेटी मांडीवर घेतली, तराजू मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला. म्हटलं, हे सगळं कशाला? म्हणाला, पुरावा. आणि तू साक्षीदार. माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा? रस्ताभर वारा गाडीला ढकलत होता आणि तो पाकिटं घट्ट धरून बसला होता. मध्ये एका ठिकाणी कॉफी घेतली तर पाकिटं घेऊनच आत आला.

भाड्याचं छोटं घर, पुढे तीन लाकडी पायऱ्या. जोलीनने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली, चौकटीला हात लावून. तिच्या मागे स्वयंपाकघरात कोरी दिसत होता. तो उठला, पण पुढे आला नाही.

"जोलीन," लाइल म्हणाला, "चूक माझी होती. पारडं बदललं होतं. मीच बदललं. कोरीचा काही संबंध नाही. हे बघ, हे माझं आणि हे ड्वेनचं. दोन ग्रेनचा फरक आहे. तराजू आणलाय, तुझ्यासमोर ठेवून दाखवतो. अर्डिसला विचार, तिने स्वतः..."

तिने पाकिटांकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"हे पारडं सापडलं नसतं तर तू आला असतास?"

लाइलचे हात तसेच पुढे राहिले, दोन पाकिटं धरलेले. मी मनात म्हणत होते, हो म्हण, मूर्खा. हो म्हणायला काय जातं? पोर समोर उभी आहे, तिला हो ऐकायचंय, म्हण आणि आत जा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत उभ्या असलेल्या कोरीकडे.

"नाही," तो म्हणाला. "नसतो आलो."

वाऱ्याने दार आपटायला आलं, ते तिने हाताने अडवलं. तिचे डोळे भरले होते, त्याचे तर केव्हाच वाहत होते, आणि ते पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता.

"ती पाकिटं गाडीत ठेव," जोलीन म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "मग बूट काढून आत ये. कोरीने आत्ताच फरशी पुसलीय."